कुपवाडातली वैनी

आमच्या कुपवाडात शेजारच्या वर्कशॉपमध्ये एक लेथवाला आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तो लिंबाखाली बसतो, बुक्कीनं कांदा फोडतो आणि एक जगप्रसिद्ध रशियन कादंबरी सोबत्यांना रोज थोडीथोडी सांगतो. नायिकेचं नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून त्यानं तिला 'वैनी' केलं.

वैनी आजारी पडली तेव्हा एकानं दमच दिला, "तिला काय झालं तर माझ्या डब्यातलं कोरड्यास बंद, गड्या!"

काल वैनी खडखडीत बरी झाली. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, पुस्तकात ती मरते."

"व्हय की," तो हळूच हसला. "पर लेखक कवाच गेला. मला उद्या बी ह्यांच्यातच जेवायचंय."