न हललेली अळी

आमच्या संग्रहालयात त्यांना सगळे लाकडाचे डॉक्टर म्हणत. आधी इस्पितळात माणसांच्या मोडक्या हाडांचे एक्सरे काढायचे, मग आमच्याकडे लाकडी मूर्तींचे. मूर्तीला ओरखडाही न काढता आतली कीड शोधायची, हे त्यांचं काम. नाकासमोर चालणारा माणूस. नियमाला इतका चिकटून, की मी शंभरदा कपाळावर हात मारला असेल.

कीड जिवंत की मेलेली, हे ओळखायची त्यांची रीत होती. एक एक्सरे आज, दुसरा दहा दिवसांनी. अळीचा ठिपका सरकला तर जिवंत. नाही सरकला तर महिन्याने तिसरा, आणि मगच कागदावर 'मेली' लिहायचं.

त्यांच्या थोरल्या बहिणीने कोरलेली एक लाकडी बाई आमच्या दालनात होती. पुढे ताईंची दृष्टी गेली. दर शनिवारी त्या येत आणि त्या बाईच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवत बसत. तेवढंच काय ते त्यांना अजून दिसत होतं. त्याच बाईत ठिपका सापडला, तेव्हा डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. दहा दिवसांनी ठिपका जिथल्या तिथे. त्यांचा जीव भांड्यात पडला. तिसऱ्या एक्सरेपर्यंत मूर्ती कुलपात ठेवावी लागली असती आणि ताईंचे चार शनिवार बुडाले असते. त्यांनी तेव्हाच 'मेली' लिहून टाकलं. मी शेजारी उभा होतो आणि गप्प बसलो. त्याचा मला आजही राग येतो, स्वतःचाच.

अळी मेली नव्हती, कोशात गेली होती. कोशातली कीड जागची हलत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

तीन वर्षांनी मूर्तीच्या पायाशी भुकटी दिसली. नव्या एक्सरेत चेहऱ्यामागे तिच्या पिलावळीची नुसती भुयारं होती, वर कागदाएवढा पातळ पापुद्रा. कीड मारता आली असती, चेहरा परत आणता येणार नव्हता. डॉक्टर तो एक्सरे उलटसुलट करून बघत राहिले, जणू दुसऱ्या बाजूने काही वेगळं दिसणार होतं.

शनिवारी ताई आल्या. दारात मीच त्यांना 'या' म्हटलं. त्यांनी हात उचलला आणि डॉक्टरांनी मनगट धरलं.

"हात लावू नकोस, ताई. ढासळेल. आतून पोखरलीय."

ताई म्हणाल्या, "मागे तपासली होती ना? कुणी?"

"मीच."

त्यांना आणणं-सोडणं नेहमी डॉक्टरांकडेच असे. ताईंनी मनगट सोडवून घेतलं, माझ्या दिशेने वळल्या आणि म्हणाल्या, "मला घरी तुम्ही सोडाल का?"