रणगाडे आणि पोकळ नळी

आमच्या गल्लीत रणगाडे म्हणून एक गृहस्थ राहतात. हे त्यांचं आडनाव नाही. खरं आडनाव विचारलं तर त्यांच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागतं, आणि पोस्टमन तर पत्रंसुद्धा याच नावाने आणतो. नाव पडलं ते त्यांच्या हातच्या कामामुळे. लोखंडी कामाचं दुकान आहे त्यांचं. खिडक्यांच्या जाळ्या, जिने, पलंग, फाटकं. रणगाड्यांनी केलेलं फाटक उघडायला दोन माणसं लागतात आणि लावायला तीन, कारण उघडणारी दोघं तोवर दमलेली असतात. एकदा त्यांनी कुणाच्या तरी अंगणात झोपाळा टांगला. महिन्याभरात झाडाची फांदी मोडली, झोपाळ्यावर ओरखडा नाही. ही गोष्ट ते स्वतःच सांगतात, आणि त्यात आपलं काही चुकलं असेल असा त्यांना संशयही येत नाही.

काम पुरं झालं, रंगाला काढलं, की हे दोन पावलं मागे सरणार, मान तिरकी करणार आणि म्हणणार, "एक आडवी अजून टाकतो." झालं. आणखी एक पट्टी, आणखी चार जोड. समोरच्याच शिलाईच्या दुकानात बसून मी हे तीस वर्षं बघतोय. सदऱ्याला तिसरी बाही लावल्यासारखा प्रकार. पण बोलायची सोय नाही. लोखंडाच्या बाबतीत गल्लीत त्यांच्या शब्दाला वजन आहे, आणि शब्द हीच काय ती त्यांच्याकडची हलकी वस्तू.

असल्या माणसाच्या घरात सून आली ती गाडी चालवणारी. बेकरीचा माल पोचवणारा छोटा ट्रक ती चालवते. मुलगा चष्म्याच्या दुकानात, आणि त्याला गाडीत बसलं की मळमळतं. लग्न ठरलं तेव्हा गल्लीत बरीच कुजबुज झाली. त्यातली निम्मी मीच केली, लपवत नाही. पण पोरगी अशी गोड, की महिन्याभरात आम्ही सगळे कुजबुजणारे तिच्या ट्रकच्या वेळेला पाव घ्यायच्या निमित्ताने रस्त्यावर उभे.

तिला एक वेड होतं. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत दरवर्षी खडबडीत रस्त्यांवरच्या ट्रकांची शर्यत होते. चढ, खड्डे, चिखल, धोंडे. दोन वर्षं ती दुसऱ्यांच्या गाड्यांवर बदली चालक म्हणून बाकावर बसून आली होती. यंदा तिला स्वतःची गाडी घेऊन हलक्या गटात उतरायचं होतं. नियम एकच, पण कडक: चालक सोडून गाडीचं वजन सातशे किलोच्या वर जाता कामा नये. एका भंगारातल्या ट्रकचं इंजिन आणि चाकं तिने मिळवली होती. जुना सांगाडा फार जड होता. आता नळ्यांचा नवा, हलका सांगाडा हवा होता, आणि तो करायला ती गेली कुणाकडे? सासऱ्यांकडे.

ही बातमी मीच गल्लीभर केली. दोन दिवस कुणी काम केलं नाही, नुसते हसत होते. मी तिला विचारलं, अगं, एवढ्या जगात तुला हेच सापडले? ती म्हणाली की गावात नळी वाकवायचं यंत्र यांच्याकडेच आहे, आणि बाबांसारखा जोड कुणी मारत नाही. त्यांना मात्र तिने फक्त दुसरं कारण सांगितलं. दोन्ही खरी होती.

रणगाड्यांनी पहिल्याच दिवशी खडूने जमिनीवर सांगाडा काढला. काढला कसला, खिडकीची जाळी काढली. चौकोनाशेजारी चौकोन. खराट्याच्या काड्या आणि सायकलच्या ट्यूबच्या बारीक चकत्या घेऊन सूनबाई ओट्यावर बसली आणि वितीएवढे दोन सांगाडे बांधले. एक सासऱ्यांच्या चौकोनांचा, दुसऱ्यात प्रत्येक चौकोनात एक तिरकी काडी घालून त्रिकोण केलेले. मग वहिनींना, म्हणजे सासूबाईंना, हाक मारली आणि वरवंटा ठेवायला सांगितला. चौकोनांनी एका बाजूला मान टाकली. त्रिकोण जागचे हलले नाहीत. वहिनींनी वरवंट्यावर पाणी भरलेली कळशीही ठेवून बघितली आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "अहो, तीस वर्षं कुठे होता हा त्रिकोण?"

संध्याकाळी रणगाड्यांनी खडूने काढलेलं स्वतःच पायाने पुसलं.

पुढचे तीन महिने त्या दुकानात जी धमाल चालली ती मी मशीन बंद ठेवून बघितली. माझ्या गिऱ्हाइकांचे कपडे उशिरा झाले त्याचं कारण हे. नळी आणली ती बिनजोडाची, जाडी फक्त दोन मिलिमीटर. रणगाडे ती हातात धरून कागदी फुंकणीकडे बघावं तसे बघत. एका गोल नळीवर दुसरी गोल नळी बसवायची तर तिचं टोक माशाच्या उघड्या तोंडासारखं कापावं लागतं, जरा फट राहिली की जोड कच्चा. त्या कापाचे नमुने कागदावर काढायचं काम वहिनींकडे आलं. कागद नळीभोवती गुंडाळायचा, त्याच्या कडेवरून खूण करायची. वहिनींचे नमुने इतके चोख बसत, की रणगाडे नळी लावून उजेडाकडे धरत आणि फट शोधत राहत. सापडत नसे. मी वहिनींना माझ्या दुकानात कापायला या म्हणालो, तर रणगाडे माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत.

जोड मात्र खरंच देखणे. आधी सगळीकडे नुसते ठिपक्याएवढे टाके, मग एक जोड इकडे, एक थेट समोरच्या कोपऱ्यात, म्हणजे तापून सांगाडा एका अंगाला ओढला जाऊ नये. हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. अधूनमधून मात्र ते दोन पावलं मागे सरत, मान तिरकी होई. सूनबाई लांबूनच म्हणे, "बाबा, नाही."

"मी काही बोललो का?"

"मान बोलली."

असं करत सांगाडा उभा राहिला. खरं सांगतो, आमच्या सगळ्यांची तोंडं उघडी राहिली. पक्ष्याच्या बरगड्यांसारखा दिसायचा. वहिनींनी आणि मी दोघांनी मिळून तो उचलला आणि बाहेर उन्हात ठेवला. रणगाड्यांच्या दुकानातून दोन म्हाताऱ्यांनी उचलून बाहेर आणलेली ती पहिली वस्तू. इंजिन, चाकं, सीट बसवून गाडी मालट्रकांच्या वजनकाट्यावर नेली. तो काटा वीस-वीस किलोंच्या उड्या मारतो. आकडा दिसला बरोबर सातशे. घरी आल्यावर सगळे नाचले. रणगाडे जरा बेतानेच नाचले, ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे खाणीत हजर. मुलगासुद्धा आला होता, सायकलवर. तपासनीस म्हणजे एक बारीक चणीच्या, अतिशय नम्र बाई. त्यांनी चारी चाकांखाली चार छोटे काटे सरकवले. हे काटे उड्या मारणारे नव्हते. सातशे नऊ.

बाई नम्रपणे म्हणाल्या की तासाभरात नऊ किलो कमी करा, नाहीतर गाडी परत न्या.

मग जी पळापळ झाली. कुणी म्हणे आरसा काढा, कुणी म्हणे सीटवरची गादी काढा. जादा चाक काढता येत नाही, ते नियमात आहे. मी माझं मत दिलं, कुणी ऐकलं नाही. सूनबाईचा चेहरा उतरला. तिसऱ्या वर्षीही बाकावरच बसायची पाळी. हातात पाना घेऊन ती गाडीभोवती फिरायला लागली, कुठली नळी कापली तर चालेल ते बघत, आणि विचाराच्या नादात प्रत्येक नळीवर पाना आपटत. टण्ण. टण्ण. टण्ण.

एवढ्यात वहिनींनी एक गोष्ट हेरली. नवरा गप्प होता. पंचक्रोशीत कुठेही लोखंडाचं काही अडलं तर न बोलावता सल्ला द्यायला जाणारा माणूस, घरच्या गाडीसमोर उभा राहून आभाळात ढग मोजत होता.

सूनबाई चालकाच्या दारापाशी आली. तिथली आडवी नळी सीट काढता-घालता यावी म्हणून बोल्टांवर बसवलेली होती. तिने पाना आपटला.

ठप्प.

पुन्हा आपटला. ठप्प. पलीकडच्या दाराची आपटून बघितली. टण्ण.

"बाबा, यात काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही असं वाजत नाही."

रणगाड्यांनी बायकोकडे पाहिलं, तिकडे आसरा नव्हता. माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पंधरा दिवसांपूर्वी तेल पुसायला म्हणून हे माझ्याकडून चिंध्यांचं गाठोडं घेऊन गेले होते. म्हणजे यांनी भरीव सळई नळीत सरकवली, खडखडू नये म्हणून माझ्याच चिंध्या गुंडाळल्या, आणि दोन्ही टोकांना चकत्या डकवून टाकल्या. मी तोंड फिरवलं. गुन्ह्यात माझाही कपडा होता.

"तुझी बाजू आहे ती," रणगाडे शेवटी म्हणाले. "दोन मिलिमीटरच्या पलीकडे तू बसणार. मला जमेना. सळई सरकवली."

सूनबाई हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "बाबा, या सळईने मी वाचणार नाही. घरी बसणार."

"घरी बसलीस तरी वाचशीलच की."

तपासनीस बाईंनी हे ऐकून तोंडावर कागद धरला. सूनबाईलाही हसू आवरेना, पण तिने पाना सासऱ्यांपुढे धरला. "जोड तुमचे आहेत ना? मग माझ्यापेक्षा तुमचाच भरवसा कमी कसा? मी नाही काढणार. तुम्हीच काढायची. नाही काढली तर मी गाडीत बसणार नाही, आणि तुम्हाला बोलही लावणार नाही."

हा शेवटचा भाग फार लागला असावा. बोल लावले असते तर त्यांनी भांडण केलं असतं, त्यात तास सहज गेला असता. त्यांनी पाना घेतला. बोल्ट सोडले, एका टोकाची चकती कापली, आणि सळई ओढायला लागले. ती चिंध्यांसकट सरसरत बाहेर आली. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या सदऱ्यांचे, परकरांचे तुकडे खाणीच्या धुळीत उलगडले. वहिनींनी एक तुकडा उचलला आणि म्हणाल्या, ही माझी निळी साडी. रिकामी नळी परत बसवून रणगाड्यांनी बोल्ट आवळले, इतके, की सुनेला त्यांचा हात धरून थांबवावं लागलं.

काटा: सहाशे नव्याण्णव आणि वर थोडं.

शर्यतीचं मी काय सांगू, मला त्यातलं कळत नाही. धूळ उडाली, नऊ गाड्या गेल्या. आमची गाडी चढावर अशी उड्या मारत होती, की बाकीच्या आजारी वाटाव्यात. दुसऱ्या फेरीत ती तिसरी होती. मग एका धोंड्यावर एक चाक चढलं, गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली आणि आडवी झाली. चालकाच्या बाजूवर. नेमकी त्याच.

रणगाडे धावले. मी त्यांना धावताना आयुष्यात पाहिलं नव्हतं. आम्ही पोचलो तर आतून सूनबाई ओरडत होती, ढकला, बघत काय बसलात. आम्ही सातजणांनी गाडी एका दमात उभी केली. जड असती तर वीस लागले असते. दाराची नळी चिखलाने माखली होती. रणगाड्यांनी तळव्याने पुसली. सरळ. एक जोड हललेला नाही. त्यांनी काही विचारायच्या आत गाडी निघून गेली, आणि ते हात पुढे धरून तसेच उभे राहिले.

ती पाचवी आली. नवात पाचवी. घरी जाईपर्यंत माझ्या तोंडी चौथी झाली होती, आणि गल्लीत अजून तेच चालू आहे.

संध्याकाळी गाडीभोवती दुसऱ्या गाड्यांची माणसं जमली. एकाने त्या नळीवर हात फिरवला आणि विचारलं, आडवी पडूनही वाकली नाही म्हणजे आत काहीतरी भरलेलं असणार, काय घातलंय?

रणगाड्यांनी छाती पुढे काढली. सुनेकडे एकदा पाहिलं.

"पोकळ आहे," ते म्हणाले. "हवी तर वाजवून बघा."