डिमरवर ठेवलेली अंडी

किरनापूरचे आमचे मामाजी नुसता बल्ब पाहून व्होल्टेज सांगायचे. "एकशे सत्तर आहे, मिक्सर लावू नको," म्हणायचे, आणि मीटर लावला की दोन-चाराचाच फरक निघे. जन्मभर वायरिंगची कामं केली, पण आपोआप चालणाऱ्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. मामीनं खूप समजावलं, पण हा हट्ट काही गेला नाही.

मामीच्या गावठी कोंबड्या होत्या. लग्नात माहेरून, खैरलांजीकडून, टोपलीत आणलेल्या दोन कोंबड्यांचीच ती सगळी पैदास. मामी वारली त्याच उन्हाळ्यात कोंबड्यांत मानमोडीची साथ आली आणि आठ दिवसांत खुराडं रिकामं झालं. शेवटची कोंबडी नुकतीच खुडूक बसली होती, तीही अंड्यांवरच मेली. तिच्याखाली अकरा अंडी निघाली.

ती बल्बाखाली ठेवून मामाजी बालाघाटला माझ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात आले. थर्माकोलच्या खोक्यात बसवायला लहानसा हीटर हवा होता, आणि त्याचा ताप आवरायला काहीतरी. मी थर्मोस्टॅट काढला. म्हटलं, ताप वाढला की हा स्वतःच हीटर बंद करतो. डिमर नुसती वीज कमी-जास्त करतो, लाइन चढली, म्हणजे व्होल्टेज वाढलं, की तापही चढणार.

"हा बंद कराले चुकला तं?" मामाजी म्हणाले. "डिमर दे. लाइन मले समजते."

मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा नाही. म्हाताऱ्या माणसाचा मान राखला, असं तेव्हा मनाला समजावलं. मान कसला आला! मला दुकानातली गर्दी आटोपायची होती.

उन्हाळी धानाच्या मोटरी चालू असल्या की त्यांच्या गल्लीत लाइन पडायची, आणि शेतीची थ्री फेज वीज गेली की मोटरी बंद होऊन एकदम चढायची. त्या वेळा मामाजींना पाठ. ते खोक्याजवळच जेवायचे आणि वेळ झाली की डिमर जरासा मागे फिरवायचे. दहाव्या दिवशी मी गेलो तर त्यांनी अंड्यामागे टॉर्च धरला. आत लाल शिरा दिसल्या.

"पाय, जित्ता आहे. नऊ आहेत असे. तुह्या मामीच्या कोंबड्या अजून आहेत."

चौदाव्या दिवशी शेजारची बाई धावत आली. वायर तुटून तिच्या टिनाच्या छपराला करंट उतरला होता. करंटच्या कामाला मामाजींनी कधी कोणाला नाही म्हटलं नव्हतं. ते शिडीवर असतानाच थ्री फेज दोन तास आधी गेली. समोरच्या घरातला बल्ब लख्ख झालेला त्यांनी पाहिला. काय झालं ते त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. पण तुटकी वायर तशीच लोंबत ठेवून त्यांना उतरता आलं नाही. घरी आले तेव्हा खोक्यातल्या थर्मामीटरचा काटा अडतीसच्या जागी सेहेचाळीसवर होता.

दोन दिवसांनी मी थर्मोस्टॅट घेऊन गेलो. आता त्याचा काय उपयोग, पण रिकाम्या हातानं जाववेना. मामाजी खोक्याजवळच बसले होते, हात डिमरवर. हीटर चालू होता.

"मामाजी, काहून बसले? काही उरलं नाही आता त्यात."

"माहीत आहे मले. टॉर्च लावून पायलं." त्यांनी डिमर जरासा मागे फिरवला. मग म्हणाले, "तुह्या मामीनं कोंबडी कधी अर्ध्यातून उठवली नाई. एकवीस दिवस पुरे होऊ दे."

पाच दिवस उरले होते. तेही त्यांनी तसेच बसून काढले.