चौघी लागतात

ॲप रिजेक्ट झाल्याचा मेल आला तेव्हा मी नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या आयटी ऑफिसच्या कँटीनमध्ये पोहे खात होते. ॲप कंपनीचं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी घरी बसून बनवलेलं, माझं स्वतःचं. मेलमध्ये लिहिलं होतं, वर्णनात सांगितलेला खेळ आम्हाला ॲपमध्ये सापडला नाही.

खेळ राजा-मंत्री-चोर-शिपायाचा. चार चिठ्ठ्या, चार जण. राजा उघड होतो आणि मंत्र्याने चोर ओळखायचा. हॉस्टेलमध्ये लाइट गेली की आम्ही चौघी रूममेट हाच खेळायचो. आता वैशाली वर्ध्याला, सोनल हैदराबादला आणि मंजूषा कॅनडात. मला त्या तिघींसोबत पुन्हा एक डाव खेळायचा होता. बस, एवढ्यासाठी ॲप.

त्यांच्या फोनवर ते सहज पोचावं म्हणून ॲप स्टोअरवर टाकलं. तिथे डिस्क्रिप्शन लागतं, म्हणजे आपलं ॲप काय करतं ते दुकानाच्या पाटीसारखं लिहायचं. मी इंग्रजीत लिहिलं. माझी शाळा मराठी, आणि इंग्रजी एरर मेसेज वाचून वाचून आलेलं. त्यात तक्रार झकास करता येते, कौतुक जमत नाही. म्हणून इतर ॲपांची वाक्यं उचलली. 'कधीही, कुठेही, मित्रांसोबत धमाल!' स्टोअरच्या तपासणाऱ्याने ॲप उघडलं, तर पडद्यावर आलं, 'तिघांची वाट पाहत आहे.' तो बिचारा एकटाच. किती वाट पाहणार?

आमचे टीम लीड बोरकर सर समोरच बसले होते. मेल वाचून म्हणाले, "बॉट टाकून दे ना. तीन प्लेयर कंप्यूटरचे. मामला खतम."

"नाही सर."

"काहून?"

"कंप्यूटर चोर झाला तर त्याले हसू कुठं येते?"

सोनलला चोराची चिठ्ठी आली की तिला हसू आवरायचं नाही. तिथेच पकडली जायची. ते ऐकू यावं म्हणून तर मी ॲपमध्ये बोलायची सोय ठेवली होती.

"मग सरळ लिही ना, चार जण लागतात म्हणून," सर म्हणाले.

"असं लिहिलं तर कोण घेईल, सर?"

"तुले कोण पाहिजे?"

मला कोण पाहिजे होतं ते मला पक्कं माहीत होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळं पुसून नव्याने लिहिलं. 'हा खेळ चार माणसांचा आहे. तीन असतील तर चौथ्याची वाट पाहा. एकट्याने खेळता येत नाही.' शाळकरी इंग्रजी, पण शब्द माझे.

सोबत खेळ चालताना दाखवणारा व्हिडिओ हवा होता. ऑफिसमधले टेस्टिंगचे फोन मागून आणले आणि टेबलावर चार बाजूंना ठेवले. राजा मीच, मंत्री मीच. चोर कोण ते मला आधीच ठाऊक. तरी मंत्री होऊन विचार केल्यासारखं थोडं थांबले. त्या वेळी त्या तिघींची इतकी आठवण आली, की शूटिंग बंद करून पाणी पिऊन यावं लागलं.

ॲप पास झालं. रविवारी संध्याकाळी आम्ही तिघी आत आलो. मंजूषाचा मेसेज आला, 'मुलाचा स्विमिंगचा क्लास आहे गं, पुढच्या रविवारी नक्की.' तो पुढचा रविवार पुढे पुढेच सरकतो आहे.

"शिपाई काढून टाक ना वं," अशाच एका रविवारी वैशाली म्हणाली. "तिघीत खेळू. होत नाही का तसं?"

"होते ना. पाच मिनिटाचं काम आहे."

"मग?"

"राहू दे वं."

मग वैशालीनेच विषय बदलला. शिपाई अजून आहे तिथेच आहे.

डिस्क्रिप्शनमध्ये खरं लिहिलं की ॲप पास होतं, एवढं मी या धंद्यात शिकले. पास झालं म्हणून माणसं जमतातच असं नाही. स्टोअरवर आता कुणाकुणाचे अभिप्राय येतात. एका अनोळखी माणसाने पाचही तारे देऊन लिहिलंय, 'ॲप छान आहे, पण तिघं आणू कुठून?' अभिप्रायाला उत्तर द्यायची तिथे सोय असते. मी अजून दिलेलं नाही.