माशाच्या तेलाच्या गोळ्या

अ जीवनसत्त्व कमी पडले की संधिप्रकाशात दिसेनासे होते, हे वाक्य मी निलंग्याच्या शाळेत दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. खाली आहार लिहून देत असे: पालेभाजी, गाजर, पपई, दूध, लोणी. दुष्काळाच्या त्या वर्षी वाक्य लिहून झाले आणि आहारापाशी खडू थांबला. त्यातली एकही वस्तू आमच्या घरात उरली नव्हती. चाऱ्याअभावी म्हैस राज्याच्या सीमेपलीकडच्या पाहुण्यांकडे धाडली होती, परसातल्या वाफ्यात धूळ उडत होती. आणि दिवेलागणीनंतर मला स्वतःलाच दिसत नव्हते.

कडेवर तान्हा मुलगा असे. चुलीपासून माजघरापर्यंत मी भिंतीला हात लावून जाई, उंबरा अंगठ्याने आधी चाचपी. विकार ठाऊक होता, कारण ठाऊक होते, उपायही ठाऊक होता. सांगण्याची मात्र सोय नव्हती. आमची आडत होती. गावाचे धान्य आमच्याच ओट्यावर उतरे. अशा घरच्या सुनेला खाण्यात काही कमी पडले म्हणून दिसत नाही, ही बातमी दवाखान्याच्या बाकावरून बाजारात पोचायला वेळ लागला नसता. सासरची अब्रू आणि विज्ञानाच्या बाईंची अब्रू, दोन्ही मी मुलाबरोबर कडेवर घेऊन चाचपडत होते.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. सेवापुस्तकातल्या नोंदीसाठी पूर्वी उस्मानाबाद गाठावे लागे, ते काम आता लातुरात होऊ लागले. एका शनिवारी ते आटोपून मी मुद्दाम अनोळखी औषधाच्या दुकानात शिरले. दुकानदारांच्या कपाळावर विभूतीचे पट्टे होते.

“बसा बाई. कोण्या गावच्या?”

“निलंग्याच्या.”

“निलंग्यात कुणाच्या?”

घराणे सांगितल्याशिवाय आमच्या भागात सुईसुद्धा मिळत नाही. मी सांगितले.

“म्हंजे आडतवाल्यांच्या! मग आपलेच की! तुमच्या सासऱ्यांच्या ओट्यावर लई चहा पिलोय मी. काय देऊ?”

अनोळखीपणा तिथेच संपला. मी म्हणाले, “माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिला तिन्हीसांजेला दिसत नाही.”

त्यांनी आतल्या कपाटातून गडद रंगाची एक बाटली काढली, मग हात आखडता घेतला. “लेकरू आपल्यातलंच हाय का?”

“हो.”

“मग कसं जमंल? लिंग बांधणाऱ्यांना मासा चालत न्हाई. ह्या माशाच्या तेलाच्या गोळ्या हायत.” ती बाटली ठेवून त्यांनी दर्शनी काचेमागची दुसरी काढली. “हे न्या, ताकदीचं औषध. बघा, द्राक्षं हायत वर. कुणाला इटाळ न्हाई.”

जीवनसत्त्वाचे औषध निवडताना वरचे चित्र पाहू नये, असे मी मुलांना शिकवीत असे. आपल्याला हवे ते जीवनसत्त्व नावानिशी छापले आहे का, त्याचे प्रमाण दिले आहे का, मुदत शिल्लक आहे का, झाकणाचे सील शाबूत आहे का आणि बाटली उन्हात तर राहिली नव्हती ना, एवढे पाहावे. मी सवयीने वेष्टन वाचले. त्यात लोह होते, ब गटातली काही जीवनसत्त्वे होती, भरपूर साखर होती. अ नव्हते. दर्शनी काचेमागच्या उन्हाने द्राक्षांचा रंगही उडाला होता. तरीही मी तीच बाटली पिशवीत घातली. विभूती लावलेल्या माणसासमोर, सासऱ्यांचे नाव सांगून झाल्यावर, मासा मागायला जीभ वळली नाही.

औषध गोड होते. मी ते धान्याच्या कोठीमागे ठेवून नेमाने घेतले, आणि नेमानेच चाचपडत राहिले.

मग एका सांजेला मुलाला घेऊन येताना मी माजघराच्या दारात कशाला तरी अडखळून पडले. मूल हातातून निसटले. अडखळले होते ते सासूबाईंना. त्या उंबऱ्याशी बसल्या होत्या.

“लेकरू कुठंय? अगं पोरी, लेकरू कुठंय?” त्या जमीन चाचपत ओरडल्या.

मूल रडत होते, अगदी त्यांच्या गुडघ्यापाशी. माझे हात फरशीवर फिरत होते आणि त्यांचेही. आमचे हात एकमेकींना लागले, मग दोघींना मिळून मूल सापडले. गोधडीवर पडल्यामुळे त्याला लागले नव्हते.

“तुला दिसत न्हाई व्हय गं?” त्यांनी हळूच विचारले.

“नाही, आत्याबाई.”

“मलाबी न्हाई. म्हणलं म्हातारपण असंल. सांगू कुणाला? लोक म्हणतील, घरात दाण्याची कोठी अन् म्हातारी वाळून राहिली.” मग त्या खुदकन हसल्या. “दोन आंधळ्या मिळून एक लेकरू सांभाळतो की गं आपण!”

मला हसता आले नाही. मी त्यांना सगळे सांगितले, द्राक्षांच्या बाटलीसकट.

“जी आणायची ती का न्हाई आणलीस?”

“ती माशाच्या तेलाची आहे.”

त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. “लेकराचं डोकं फुटलं असतं, तर लिंगापुढं कोण्या तोंडानं बसले असते मी? आण जा.”

पुढच्या शनिवारी त्याच दुकानात गेले.

“पोरीला गुण आला का?”

“मुलगी नाही. मला हव्या आहेत, आणि आमच्या सासूबाईंना. माशाच्या तेलाच्या.”

बाटली काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली, मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग त्यांनी ती वर्तमानपत्रात नीट गुंडाळली. “कागद राहू द्या. एसटीत आपली माणसं असतात.” लातुरातल्याच एका डॉक्टरांकडून मी दोघींसाठी प्रमाण लिहून घेतले, कारण हे जीवनसत्त्व शरीरात साठते, ज्यादा घेतल्याने लवकर दिसू लागत नाही, अपाय मात्र होतो.

आमच्याकडे तोंडात घालायचे ते आधी गळ्यातल्या इष्टलिंगाला दाखवतात. सासूबाईंनी गोळी तळहातावर घेतली आणि तशाच थांबल्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या, जणू यावरही पुस्तकात काही असेल. नव्हते. शेवटी त्यांनी डावी मूठ लिंगावर घट्ट मिटली, डोळेही मिटले आणि गोळी गिळली. मी माझी त्यांच्यामागे गिळली.

काही दिवसांनी सांज पूर्वीसारखी हळूहळू उतरू लागली, एकदम पडायची थांबली. पुरुषांची जेवणे झाली की कंदील बैठकीत जाई, आणि आम्ही दोघी चुलीच्या उजेडात एका ताटात जेवत असू. अशाच एका रात्री मला ताट दिसले. सासूबाई माझ्याशी बोलत होत्या, आणि त्यांची बोटे आपल्या बाजूचे कोरड्यास, ते थोडेसे कालवण, भाकरीच्या तुकड्याने माझ्या बाजूला सारत होती. इतक्या सराईतपणे की हे आजचे नव्हते. अंगावर पिणारे मूल होते, म्हणून त्यांचे घेऊनही मला कमी पडले; त्यांना का कमी पडले, हा प्रश्न मी, विज्ञान शिकवणारी, कधी विचारलाच नव्हता.

मी ताट फिरवले, सारलेले सगळे त्यांच्या बाजूला आले. त्यांचे डोळे अजून उमलायचे होते. त्यांनी चाचपून पाहिले, आणि पुन्हा माझ्याच बाजूला सारू लागल्या.