सहीआधी वाचून दाखवणारा

सई, चिन्मय, गाडीच्या कर्जाच्या अटी न वाचताच सही केलीत, असं तुम्ही परवा फोनवर हसत सांगितलंत, म्हणून हे आज लिहिते आहे.

नव्वदच्या दशकात नाशिकला आमच्या घराजवळ हप्त्यांनी शिलाई मशीन विकणारं दुकान होतं. तिथला कारकून गिऱ्हाइकापुढे फॉर्म ठेवला की पेनाला टोपण लावून ते खिशात टाकायचा. मग इंग्रजी फॉर्ममधली एकेक अट सावकाश मराठीत सांगायचा. सगळं समजल्याशिवाय पेन बाहेर येत नसे.

त्या सुमारास व्याजाचा खरा दर आधी सांगण्याची सक्ती करावी का, यावर विधिमंडळात वाद चालू होता. एकदा मी दुकानात असताना हरसूलची एक बाई मशीन घ्यायला आली. तो सांगू लागताच मालक म्हणाले, "कायदा झाला का? तिकडं अजून भांडतायत. तुला कसली घाई?"

"त्यांचं भांडण मिटेपर्यंत ताईंचे हप्ते फिटतील, शेठ," तो शांतपणे म्हणाला. मग दहा टक्के म्हणून सांगितलेलं व्याज प्रत्यक्षात अठरापर्यंत कसं जातं, ते त्याने तिला समजावलं.

"लय होतं, दादा. नाय परवडायचं," म्हणत ती उठली.

मालकांनी त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. मी बाजूला उभी राहून नुसतं बघत होते. पायरी उतरताना तो मला म्हणाला, "काकू, फॉर्म तर तुम्हालाही वाचता येत होता."

सूर तक्रारीचा नव्हता. ते दुकान आता राहिलेलं नाही. त्याचं ते वाक्य मात्र अजून माझ्यापाशी आहे.