जिन्यातल्या सोळा काचा

मार्चचा दुसरा आठवडा, मंगळवार, सकाळी पावणेअकरा. हजर: मी, माझे हेड कॉन्स्टेबल, तक्रारदार बाई आणि इमारतीचा म्हातारा वॉचमन. एकूण काचा सोळा, फुटलेल्या सात. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले पुष्कळ पुसट झाले. ही सकाळ मात्र तशीच्या तशी आहे.

वर्षे नव्वदीच्या सुरुवातीची. बाजार खुला झाला होता. हैदराबादेत दिलसुखनगरकडे दर महिन्याला एक नवे कॉम्प्लेक्स उभे राहत होते, आणि काचीगुड्याच्या आसपासच्या जुन्या जागांचे भाव घरोघरी चहाबरोबर बोलले जात होते.

मी काचीगुड्यात वाढलो. ही इमारत मी शाळेत जाता-येता पाहिलेली. चार मजले, सोळा बिऱ्हाडे आणि पुढच्या कोपऱ्यावर जिन्याचा गोल मनोरा, त्याच्या डोक्यावर झेंड्याची काठी. सज्जांचे कठडे जहाजाच्या डेकसारखे तीन-तीन नळ्यांचे, जिन्याला गोल खिडक्या, फाटकावर लोखंडी पट्ट्यांचा उगवता सूर्य. या पद्धतीला आर्ट डेको म्हणतात हे मला फार पुढे कळले. निजामी अमलाच्या अखेरच्या वर्षांत ती बांधली गेली. बांधणाऱ्या ठेकेदाराने मुंबईचा समुद्रकिनारा पाहिला होता म्हणे. हैदराबादेत समुद्र नाही याची त्याला खंत असावी. म्हणून त्याने जहाज तेवढे बांधून ठेवले.

तक्रारदार बाई तिसऱ्या मजल्यावर वडिलांसह राहत. सकाळी शाळेत शिकवत, दुपारी दिलसुखनगरच्या एका कोचिंग क्लासात. त्या दिवशी शाळेत रजा टाकून त्या ठाण्यात आल्या आणि सरळ म्हणाल्या, "साहेब, आमची इमारत कुणीतरी हाताने पाडतंय. थोडी थोडी."

प्रकरण असे. मालकाच्या वारसांना तिथे नवे कॉम्प्लेक्स हवे होते. मनोरा आणि मुख्य इमारत जिथे जुळतात तिथे खालपासून वरपर्यंत एक भेग होती. तिच्यावर बोट ठेवून त्यांनी इमारत धोकादायक असल्याचा अर्ज केला. महापालिकेच्या इंजिनियरने भेगेवर आडव्या सोळा काचपट्ट्या प्लास्टरच्या गोळ्यांनी चिकटवल्या आणि प्रत्येकीवर तारीख घातली. भेग वाढत असेल तर काच तुटते, इतके साधे गणित. नव्वद दिवसांत निम्म्याहून जास्त काचा तुटल्या की इमारत रिकामी करायची. चौसष्ट दिवस झाले होते. सात तुटल्या होत्या. आणखी दोन तुटल्या असत्या तर सोळा बिऱ्हाडे रस्त्यावर.

"तुम्हाला दुसरं घर मिळेल की, बाई," हेड कॉन्स्टेबल म्हणाले.

"मला मिळेल हो. बाबांना नाही मिळायचं. चला, दाखवते."

त्यांचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, दृष्टी गेलेली. मी गेलो तेव्हा ते भिंतीवर हात ठेवून सज्जातून आत येत होते. भिंत वळली तिथे तेही वळले, काठीशिवाय. या इमारतीत टोकदार कोपरा कुठेच नाही. भिंती गोल, खांब गोल, जमीन आणि भिंत मिळतात तिथेही गोलाई.

"सत्तावीस वर्षं झाली," ते म्हणाले. "हे घर मला कुठे टोचलेलं नाही."

पंचनामा करताना मी टेप घेऊन बसलो. फुटलेल्या साती काचा पायरीपासून तीन ते साडेपाच फुटांच्या आत होत्या. शाबूत नऊ साडेसहा फुटांच्या वर. त्या चिकटवताना इंजिनियरने स्टूल घेतले होते. दुसरे, मी खिशातून दाढीचे पाते काढून प्रत्येक तुटक्या काचेच्या फटीत घालून पाहिले. पाते कुठेच शिरले नाही. भेग रुंद होऊन काच तुटली असती तर दोन तुकडे एकमेकांपासून सरकायला हवे होते. हे तुकडे एकमेकांना चिकटून बसले होते.

"सार, बिल्डिंग आपल्या हाताच्या उंचीलाच फुटती," हेड कॉन्स्टेबल म्हणाले. ते घरी तेलुगू बोलत, पण माझ्याबरोबर राहून मराठी शिकले होते.

गुन्हा अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटची परवानगी काढून तपास सुरू केला. वरिष्ठांनी विचारले, "काचांची केस करतोस?" मी म्हणालो, "होय सर, सात काचांची."

खबर दिली ती अंगणातल्या इस्त्रीवाल्याने. कोळसा फुंकत, माझ्याकडे न पाहता तो बोलला. "इमारत फटती तो कब्भी बी फटना साब. ये दुपहर कूच फटती. टीचरअम्मा क्लास कू गए बाद."

दोन दुपारी मी साध्या कपड्यांत जिन्यात बसलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, पाठ भिंतीला टेकून. तिथली दुपार मी कशी सांगू? गोल खिडकीतून उन्हाची एक थाळी आत यायची आणि मोझेकच्या फरशीवर पडायची. फरशीत हिरवे, तांबडे, काळे खडे. ऊन सरकायचे तसा एकेक रंग उजळायचा आणि विझायचा. मग ती थाळी पायरी चढायची, भिंतीला लागायची. काचीगुडा स्टेशनात गाडी शिरली की कठड्याच्या नळीत बारीक कंप येई. डोळे अर्धे मिटले की वाटे, ऊन जागेवरच आहे आणि आपण हळूहळू कुठेतरी निघालो आहोत. शाळेच्या वयात मला वाटे की हे जहाज एखाद्या दिवशी सुटेल. त्या वळणावर वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, गणवेश घरी ठेवून, मी त्यात बसलो होतो.

काच फोडायला कोणी आले नाही. दुसऱ्या दुपारी वॉचमन पायऱ्या पुसत वर आला. माझ्यापाशी एका पायरीच्या कडेचा टवका उडालेला होता. तो थांबला, त्याने ओल्या फडक्यातून अंगठा फिरवला आणि ती कड दोनदा गोल चोळली. दगडी खड्यांवर अंगठा फिरवून काय होणार? काहीच नाही. तो पुढे गेला.

मी उठलो आणि काचांचे प्लास्टर पुन्हा पाहिले. शाबूत काचांचे गोळे ओबडधोबड होते, पालिकेच्या माणसाने थापलेले. फुटलेल्या सातींच्या गोळ्यांना मात्र कडेने गोलाई होती, नीट, एकसारखी. ठोका बसल्यावर प्लास्टरचा टवका उडाला होता आणि कोणीतरी तो भरून गुळगुळीत केला होता.

संध्याकाळी सहा वाजता वॉचमनला ठाण्यात बोलावले. चहा दिला. आवाज चढवला नाही. मी टेबलावर एक काचपट्टी, एक वीट आणि कालवलेले प्लास्टर ठेवले.

"चाचा, ये जरा चिपका के दिखाओ."

"मैं वॉचमन हूँ साब."

"पहले क्या थे?"

त्याने वीट जवळ ओढली. मग त्याने पट्टी विटेवर ठेवली, दोन टोकांना प्लास्टर लावले आणि न सांगता अंगठा कडेने फिरवला. मी कागदात बांधून आणलेला सातव्या काचेचा गोळा शेजारी ठेवला.

त्याने दोन्ही पाहिले. "हौ," तो म्हणाला, "मेराइच हात है."

हेड कॉन्स्टेबलनी जबाब लिहायला घेतला. हा माणूस सोळाव्या वर्षी याच इमारतीवर कामाला लागला होता. त्या गोल कडा, त्या पायऱ्या, निम्म्या त्याच्या अंगठ्याखालून गेल्या होत्या. मिस्त्री झाला, म्हातारा झाला, मग जिन्याखालच्या खोलीत वॉचमन. वारसांचा हिशेब पाहणाऱ्या मुन्शीने त्याला सांगितले होते की काचा फुटल्या तर नव्या कॉम्प्लेक्समध्ये खोली, नाही तर आत्ताच बाहेर.

"तोडना था तो तोड के छोड़ देते चाचा," मी म्हणालो. "पलस्तर कायकू बनाए?"

त्याला माझा प्रश्नच कळला नाही असे वाटले. "टूटा हुआ वैसाच छोड़ूँ?"

मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि केस तिथे उलगडली. ती भेग इमारतीच्या पहिल्या उन्हाळ्यातली होती. मनोरा जड, बाकी इमारत हलकी. दोन्ही जमिनीत वेगवेगळे खचले आणि मध्ये फट पडली. ठेकेदाराने त्यालाच ती भरायला लावली होती. खालच्या पायरीपाशी गिलावा खरवडला तर चुन्यात भेगेवर आडवी निळ्या खड्यांची ओळ सापडेल, खूण म्हणून त्यानेच घातलेली. दुसऱ्या दिवशी इंजिनियरसमोर खरवडले. नऊ निळे खडे, एकही सरकलेला नाही.

इंजिनियरने सात नव्या काचा लावल्या आणि नव्वद दिवस पहिल्यापासून मोजले. एकही फुटली नाही. वारसांनी अर्ज मागे घेतला. मुन्शीवर आरोपपत्र गेले. म्हाताऱ्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड झाला, तो त्याने स्वतः भरला. त्याला हाकलायचे की ठेवायचे यावर भाडेकरूंची सभा झाली. बाईंचे वडील कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "त्याला काढा, मग मला फाटकाबाहेर हाताला धरून कोण नेणार ते ठरवा." विषय संपला.

जूनच्या अखेरीस बाईंनी भेग कायमची भरायचे काम त्यालाच दिले. "चोराला किल्ली देताय," मी म्हणालो.

"चोर नाही हो तो, साहेब. घाबरला होता. मीही घाबरलेच होते की, पण माझ्याकडे निदान तक्रार करायला तुम्ही होतात."

हे मी त्या केसमधून शिकलो. आरोपीला कशाची भीती आहे हे मी पुढे प्रत्येक चौकशीत आधी विचारू लागलो. आणि माणूस तोंडाने काय सांगतो ते लिहून घेताना त्याचे हात काय करतात तेही पाहू लागलो.

काम चार दिवस चालले. रोजचे साठ रुपये ठरले होते. बाईंनी दोनशे चाळीस मोजून दिले आणि पावती लिहिली, साक्षीदार म्हणून मी. त्याने तीस रुपये परत केले.

"साढ़े तीन दिन का काम है, अम्मा. आधा दिन तो मैं खिड़की का धूप देखता बैठा."

बाईंनी पावती खोडून दोनशे दहा केले. त्याने खाली अंगठा उमटवला. मी सही केली आणि मान वर केली नाही. मीही त्या खिडकीपाशी दोन दुपारी बसलो होतो. स्टेशन डायरीत 'घटनास्थळाची पाहणी' अशी नोंद आहे आणि त्या दोन दिवसांचा पगार मला सरकारकडून पूर्ण मिळाला.